चेंडू चालतो, कप चालत नाही

(राळेगावच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसं उतरवलं आहे. टाळ्या आणि आरोळ्या तेवढ्या गाळल्या.)



मला इथं कविता म्हणायला बोलावलं होतं. मी म्हणालो, खेळावर बोलतो. तर एका जुन्या कार्यकर्त्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बापा, गावोगाव अत्याचार होऊन राहिले, पोरायच्या स्कॉलरशिपा अडकल्या, आन् तू क्रिकेटवर भाषण देतं का?" काका, प्रश्न रास्त आहे. उत्तर सगळ्यांसमोर देतो.

मी याच मुलखातला. दहावी झालो आणि मुंबईला मामाकडं गेलो, ठेकेदाराच्या हाताखाली गोदीत लागलो. जहाजातून गोणी उतरतात, लोखंडाच्या गुंडाळ्या उतरतात, तिथं मी हुक धरतो. सुट्टीत आमची टोळी एका मोबाईलभोवती गोळा होते. युपीचा भैया, आंध्रचा अण्णा, कोकणातला मराठा आणि मी. भारताची मॅच असली की चौघांची आरोळी एका वेळी निघते. या देशात गावठाण आणि वस्ती एकाच क्षणाला एकाच गोष्टीसाठी ओरडतात असं दुसरं काही मला सापडलं नाही. जत्रेत नाही, मतदानात नाही. म्हणून या आरोळीची झडती घेतली पाहिजे. आपण ओरडतो, टाळ्या पिटतो, मोबाईलचा रिचार्ज मारतो. त्या बदल्यात आपल्या पदरात काय पडतं? हा हिशोब मागायला मी उभा आहे.

मी फॅन आहे, हे आधीच सांगून टाकतो. खेळाला नावं ठेवणाऱ्या विद्वानांतला मी नाही. विदर्भाची टीम रणजी खेळायची तेव्हा मुंबईवाले आम्हाला हसायचे. २०१८ च्या १ जानेवारीला इंदूरला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक उचलला, तो दिवस गोदीत मी छाती काढून फिरलो. रजनीश गुरबाणीनं त्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली होती. पुढच्या हंगामात सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. मग २०२५ च्या मार्चमध्ये जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा. त्या हंगामात हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला तो विक्रम. आणि आपला उमेश यादव, वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला. ही नावं मला पाढ्यासारखी पाठ आहेत. तेव्हा मी बोलतो ते आतल्या माणसानं बोलावं तसं बोलतो.

आधी आयपीएलचं उरकून टाकू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे दाखवण्याचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. हा पैसा कशाचा? आपल्या डोळ्यांचा. आपण बघणार म्हणून जाहिरात येणार, जाहिरात येणार म्हणून चॅनेलवाला कोटी मोजणार. २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. मला त्याचा हेवा वाटत नाही. अंगमेहनतीच्या माणसाला पैसा मिळाला तर मी टाळीच वाजवीन. पण ते लिलाव बघताना मला सकाळचा नाका आठवतो. मुकादम येतो, दंड बघतो, वय बघतो, "तू चल, तू थांब" म्हणतो. तिथं भाव रुपयात, इथं कोटीत. पण दोन्हीकडं बोट दाखवणारा बसलेला असतो आणि अंग विकणारा उभा असतो. आमच्या एका ठेकेदारानंही टीम काढली होती. टी-शर्ट वाटले, पाठीवर त्याचं नाव एवढं मोठं. मॅच खेळायला गेलो त्या दिवसाची अर्धी हजेरी कापली. त्याची जाहिरात आमच्या पाठीवर आणि दंडही आम्हालाच! धंदेवाईक खेळ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. किती जणांनी पालवणकर बाळूचं नाव ऐकलं? हात वर करा. बघा, दहा-बारा. आणि 'लगान'मधला कचरा किती जणांना माहीत? सगळ्यांना! २००१ च्या सिनेमातला खोटा माणूस सगळ्यांना ठाऊक आणि खरा माणूस दहा-बारांना. त्या सिनेमात कचऱ्याचा चेंडू वळतो, कारण त्याचा हात अधू आहे. म्हणजे आमच्या माणसाला कला आली तर ती व्यंगातून. मेहनतीतून आली असं दाखवायला यांची जीभ रेटत नाही.

बाळूचा हात अधू नव्हता. १८७६ सालचा जन्म, धारवाडचा, चांभाराचा पोरगा, बाप पलटणीत. पुण्यात एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडायला आणि रूळ फिरवायला लागला. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर. जाळी लावायची, रूळ ओढायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा कॅप्टन तासाआधी येऊन त्याच्याकडून चेंडू टाकून घ्यायचा. बाद केलं तर आठ आणे द्यायचा, असं सांगतात. डावखुरा हात, संथ चेंडू, वर्षानुवर्षं तोच जागच्या जागी वळवायचा. आणि एवढ्या वर्षांत त्या जाळीत त्याच्या हाती बॅट कुणी दिली नाही. हे ध्यानात ठेवा. चेंडू टाकणं हे काम. बॅट धरणं हा मान. क्रिकेटमध्येही वर्ण होते.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय जमेना. वाद झाला, शेवटी घेतला टीममध्ये. मैदानात बाळूनं टाकलेला चेंडू यष्टिरक्षक ब्राह्मण झेलायचा, दुसरा ब्राह्मण पुसून परत द्यायचा. चालत होतं. चहाची सुट्टी झाली की सगळे आत कपबशीतून प्यायचे आणि बाळू बाहेर उभा, हातात मातीचा, फेकून द्यायचा कप. जेवायला वेगळं टेबल. तोंड धुवायला पाणी द्यायचं तरी अस्पृश्य गडीच आणून द्यायचा.

मला सांगा, त्या कातड्याच्या चेंडूवर घाम कुणाचा? थुंकी कुणाची? तो चेंडू दिवसभर हातोहात फिरत होता, तेव्हा विटाळ कुठं झोपला होता? म्हणजे विटाळ धर्मानं ठरत नाही, गरजेनं ठरतो. जिथं आपला हात पाहिजे तिथं हात चालतो. जिथं आपलं तोंड येतं तिथं विटाळ होतो. चेंडू चालतो, कप चालत नाही. आजच्या खेळाचं सगळं गणित मला या एका ओळीत दिसतं.

पुढं बाळू मुंबईला आला, रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजाच्या कप्तानीखाली टीम इंग्लंडला गेली. महाराज मेजवान्यांत रमले, बाळूनं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आजच्या कुठल्याही फिरकी गोलंदाजाला हे आकडे दाखवा, टोपी काढील. एवढं असून कप्तान? नाही. वर्षामागून वर्षं मागणी झाली, तरी नाही. १९१३ ला पै कप्तान झाले, तेव्हा त्या भल्या माणसानंच सत्कारात सांगितलं की हा मान बाळूचा होता. सत्कार मात्र पैंचाच झाला.

१९२० मध्ये बाळूला संघाबाहेर ठेवलं आणि कप्तानी देताना त्याच्या भावाला, विठ्ठलला डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघा भावांनी खेळायला नकार दिला, जाहीर पत्रक काढून. आम्ही गोदीवाले याला संप म्हणतो. पांढरे कपडे घालून केलेला संप! संप लागू पडला. बाळूला उपकप्तान म्हणून बोलवावं लागलं आणि पै मधेच मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूनं कप्तानी केली. १९२३ ला विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि युरोपियनांना हरवून परतला. हे कुणाच्या हृदयपरिवर्तनातून मिळालेलं नाही. दोन भावांनी काम बंद केलं, त्यातून मिळालं.

आता अवघड जागेवर येतो. इथं काही जण मनात म्हणत असतील, "हा बाळू तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता." होय, राहिला होता. स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात तो दुसऱ्या बाजूला होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांसमोर उभा होता. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. आणि हाच बाळू इंग्लंडहून परतला तेव्हा अस्पृश्य समाजानं सत्कार केला, त्याच्या मानपत्राशी विद्यार्थिदशेतल्या बाबासाहेबांचं नाव इतिहासकार जोडतात.

मग आपण काय करायचं? त्याला गाडून टाकायचं? आपल्यातल्या काहींनी तेच केलं. त्यांनी कप दिला नाही, आपण नाव घेतलं नाही, दोघांनी मिळून माणूस पुसला. मी असं बघतो. बाबासाहेबांसमोर उभा करायला एक अस्पृश्य चेहरा पाहिजे होता, तेव्हा यांना बाळू आठवला. कप्तान निवडताना नाही आठवला. त्याचा वापर झाला. तो वापरू दिला, हा त्याचा दोष. तो मी झाकत नाही. पण बळी १७९ आहेत ते आहेत. १९३७ ला मी परळला असतो तर मत बाबासाहेबांना दिलं असतं आणि टाळी बाळूला. मत आणि टाळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ज्याला हे कळत नाही तो ना चांगला कार्यकर्ता, ना चांगला फॅन.

"जुनं कशाला उकरता, आता मैदानावर जात कोण बघतं?" असं कॉलेजातली पोरं मला विचारतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पी. व्ही. सिंधूनं रिओला रौप्यपदक जिंकलं, तेव्हा या देशातले लोक गूगलवर तिची जात शोधत होते. आणि वंदना कटारिया? ३१ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चार दिवसांनी उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून २-१ असा हरलो. हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर फटाके फुटले आणि जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, अशी तिच्या घरच्यांनी पोलिसात तक्रार दिली. तीन गोल मारले तेव्हा ती भारताची लेक, आणि अकरा जणी हरल्या तेव्हा हार एकटीच्या जातीची. चेंडू चालतो, कप चालत नाही. सन फक्त बदललं.

आणि "मेरिट" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. दक्षिण आफ्रिकेनं २०१६ मध्ये ठरवलं की हंगामाच्या सरासरीनं अकरांत किमान सहा खेळाडू गोरेतर आणि त्यात किमान दोन काळे आफ्रिकन असले पाहिजेत. आपल्याकडचे टीव्हीवाले हसले, म्हणाले, संपलं यांचं क्रिकेट. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर त्याच संघानं ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद घेतलं. कप्तान तेंबा बवुमा, केपटाऊनच्या लांगा वस्तीतला काळा पोरगा. कागिसो रबाडाचे नऊ बळी. एडन मार्करम गोरा, त्याचे १३६. मिळून जिंकले. आणि नोव्हेंबरमध्ये तोच बवुमा आपल्या घरात आला आणि कोलकात्याला आणि गुवाहाटीला, दोन्ही कसोट्या जिंकून गेला. बोला, मेरिट कुठं मेलं? त्यांनी मोजलं, म्हणून त्यांना दिसलं. आपलं क्रिकेट बोर्ड खेळाडूंची जातवार मोजणी छापत नाही. धावा मोजतात, चौकार मोजतात, चेंडूचा वेग मोजतात. एवढं सोडून सगळं मोजतात.

आता क्रिकेट ठेवू बाजूला. कबड्डीवर बोलू, कारण इथल्या पोरांचा खरा खेळ तो.

आपला हुतूतू बघा. यात शिवल्याशिवाय खेळ नाही. चढाई करणारा येतो, शिवतो आणि पळतो. सात जण अंगावर पडतात, घामाला घाम लागतो. ज्या गावात शिवाशिव पाळली गेली, त्याच गावात हा खेळ चालला, ही मोठी गंमत आहे. यातला दुसरा नियम मला फार आवडतो. बाद झालेला गडी आपल्या बाजूनं गुण मिळवला की पुन्हा जिवंत होतो. एकट्याच्या जोरावर नाही, साथीदारांच्या जोरावर. संघटना काय असते हे मला कुणी विचारलं तर मी हा नियम सांगतो.

१९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं ते आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. १९९० ला एशियाडमध्ये खेळ गेला. २०१४ ला आठ संघ घेऊन प्रो कबड्डी सुरू झाली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. चांगलं झालं. पण दोन गोष्टी बघा. पहिली, खेळ मातीवरून मॅटवर गेला. मॅटला पैसा लागतो, बूट लागतात, छप्पर लागतं. आपला पोरगा मातीत शिकतो आणि निवड चाचणीला एकदम मॅटवर उभा राहतो. पाय घसरतो आणि निवडणारा लिहितो, "तोल कमी". दुसरी गोष्ट नोकरीची. पूर्वी चांगला कबड्डीपटू रेल्वेत, बँकेत, एअर इंडियात, भारत पेट्रोलियममध्ये लागायचा. खेळ संपला तरी पगार आणि पेन्शन उरायचं. देना बँक २०१९ ला दुसऱ्या बँकेत विलीन झाली. एअर इंडिया २०२२ ला टाटांकडं गेली. आमच्या गोदीतही कायम माणूस कमी, ठेक्याचा जास्त. लीगचे पैसे दोन-तीन हंगामांचे. गुडघा गेला की कोण विचारतो? कोटीचा आकडा सगळ्यांना दिसतो, मोडलेली शिडी कुणाला दिसत नाही.

म्हणून कॉलेजचा खेळ महत्त्वाचा. तिथूनच कलर मिळतो, तिथूनच प्रमाणपत्र. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यावर डल्ला मारायला बनावट प्रमाणपत्रांचा बाजार मांडला गेला आणि अशी प्रकरणं राज्यात उघडही झाली. म्हणजे खेळणारा घाम गाळतो आणि न खेळणारा शिक्का मारून नोकरीला लागतो.

मी शाळेत असतानाची गोष्ट, शाळेचं नाव घेत नाही. तालुक्याच्या कबड्डीला बारा जणांची निवड झाली. आमच्या वस्तीतले चौघे. सकाळी जीप आली, आठ बसले. आम्हाला सांगितलं, "जागा नाही, मागून एसटीनं या." एसटी पोचली तोवर पहिली मॅच हरून आमची शाळा बाहेर पडली होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी जात काढली नाही. फक्त जागा नव्हती. आजचा जातीभेद असाच बोलतो दोस्तहो. तो सभ्य झालाय, तो म्हणतो, "जागा नाही."

आणि जागा करायची म्हटलं तर होते. १९५२ ला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला जायचे होते, पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. एका कॉलेजच्या मास्तरनं मनावर घेतलं म्हणून. आपल्या कॉलेजांकडून आम्ही घर गहाण मागत नाही. फक्त हिशोब मागतो.

तर काम सांगतो. तुमच्या फीच्या पावतीवर क्रीडा शुल्क लिहिलेलं असतं. ते प्रत्येक पोरगा, प्रत्येक पोरगी भरते. ते कुठं जातं? १० रुपयांचं माहिती अधिकाराचं तिकीट लावा आणि विचारा. निवड चाचणीची तारीख नोटीस बोर्डावर किती दिवस आधी लागली, प्रवासभत्ता कुणाला मिळाला, मॅट कधी अंथरली गेली, सगळं लेखी मागा. ग्रामपंचायतीच्या, नगरपंचायतीच्या सभेत मैदान मागा. समाजमंदिरासोबत मैदानही मागा. पोरींसाठी वेगळी वेळ राखून मागा, कारण पोरं एकदा घुसली की पोरींना मैदान उरत नाही. हा आपल्याच वस्तीतला जातीभेद आहे, तो आधी मोडा.

आणि शेवटचं. सगळ्यांनाच खेळाडू होता येत नाही. पण पंच होता येतं. पंचाची परीक्षा द्या. गुणलेखक व्हा, प्रशिक्षक व्हा, निवड समितीत शिरा, तालुक्याच्या पेपरात सामन्याची बातमी तुम्ही लिहा. आपल्याकडं बाळू शंभर वर्षांपूर्वीही होता. कमी होती ती त्याला निवडणाऱ्या माणसाची, त्याचं नाव लिहिणाऱ्या माणसाची. गावात पंच म्हटलं की आपल्या आज्याला धडकी भरायची. आता शिट्टी आपल्या तोंडात असू द्या.

काका, तुम्ही विचारलं होतं, अत्याचार चालू असताना खेळावर कशाला बोलायचं. एवढा वेळ मी त्यावरच बोलत होतो.

जयभीम!